मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नला

फुटबॉलमधलं मला फारसं काही कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे माझ्या मामेभावाने मला तीनदा समजावलं आहे आणि तिन्ही वेळा मी नुसती मान डोलावली आहे. तरीही गेली पंधरा वर्षं इंग्लंडमधल्या एका क्लबच्या भांडणात मी अडकले आहे. त्या क्लबचे मालक पुण्याचे आहेत, त्याचा एक चाहता माझ्या आईच्या माहेरचा आहे, आणि ज्या प्रश्नावर ते भांडण चाललंय तो प्रश्न यंदा माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आहे.

क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. माझे थोरले मामू साठच्या दशकात भिवंडीहून ब्लॅकबर्नला गेले. तिथल्या कापडगिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसं मिळत नव्हती. गोरे कामगार रात्रपाळी नको म्हणत, म्हणून भरूच, सुरत, मीरपूर अशा ठिकाणांहून लोक गेले, त्यांच्यात आमचे मामूही. भिवंडीचा माणूस ब्लॅकबर्नला गेला यात मला लहानपणी फार मोठा प्रवास वाटायचा. पुढे कळलं की प्रवास उलट्या दिशेने आधीच झाला होता. आमच्या गल्लीत दिवसरात्र खडखडणारे साधे यंत्रमाग ज्या जातीचे, तो ‘लँकेशायर लूम’ १८४२ मध्ये ब्लॅकबर्नमध्येच तयार झाला. तिथल्या गिरण्या हिंदुस्थानासाठी धोतरांचं कापड विणत. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीच्या अंगावरचं कापड तिथलं, अब्बा ज्या कारखान्यात मेहता होते तिथला माग मूळचा तिथला, आणि तिथल्या गिरणीतला रात्रपाळीचा माणूस आमचा. हिशेब फिटला म्हणायचा.

मामूंचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, तिथेच जन्मला. तो माझ्याशी कोकणीतच बोलतो, पण त्याच्या कोकणीला लँकेशायरचा हेल आहे. त्याच्यापाशी दोन धर्म आहेत असं मामी चिडून म्हणायच्या, एक आपला आणि दुसरा रोव्हर्सचा. १९९५ साली त्याने आम्हाला एक फोटो पाठवला होता. अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट घातलेला भाई आणि मागे गर्दी. त्या वर्षी १४ मे रोजी रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये शेवटचा सामना हरले आणि तरीही विजेते ठरले, कारण त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावं लागलं. ८९ गुण आणि ८८ गुण. एका गुणाने एका छोट्या गिरणगावाने सगळ्या मोठ्या शहरांना मागे टाकलं होतं.

त्या विजयामागे पैसा होता, हे भाई कधी लपवत नाही. जॅक वॉकर नावाचा तिथलाच माणूस, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला. १९९१ मध्ये त्याने क्लब हाती घेतला, मोठा प्रशिक्षक आणला, ॲलन शिअररसारखा खेळाडू आणला, स्टेडियम नवं बांधलं. पण लोक त्याला मालक म्हणून आठवत नाहीत, ‘आपल्यातला’ म्हणून आठवतात. २००० साली तो वारला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टने क्लब विकला. घेणारे होते पुण्याचे वेंकीज. किंमत २ कोटी ३० लाख पौंड.

त्या रात्री भाईचा फोन आला. “बाय, हे वेंकीज म्हणजे कोण?”

मी म्हटलं, “कोंबड्या. अंडी. इथे सगळ्यांना माहीत आहेत.”

तो क्षणभर गप्प झाला. मग हसला. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला होता. ज्या गावात त्याचे वडील रात्रपाळीचे ‘एशियन’ होते, त्या गावाचा सगळ्यात मोठा मान आता हिंदुस्थानातल्या एका घराण्याकडे आला होता. शाळेत ज्या पोरांनी त्याला चिडवलं, ती आता त्याला विचारत होती, पुणे कुठे आहे, कसं आहे. तो ऐटीत सांगायचा, आमच्या गावापासून तीन-चार तासांवर!

ही ऐट महिनाभर टिकली. डिसेंबरमध्ये नव्या मालकांनी सॅम अलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकाला काढलं. संघ तेराव्या क्रमांकावर होता, संकटात नव्हता. त्याच्या जागी स्टीव्ह कीन आले, ज्यांनी त्याआधी एवढ्या मोठ्या क्लबची पूर्ण जबाबदारी कधी घेतली नव्हती. रोव्हर्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून वेंकीजचं चिकन खाताहेत अशी जाहिरात आली आणि सगळ्या इंग्लंडला हसायला विषय मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. तेव्हा भाई म्हणाला, “आमची टीम त्यांच्या घरी गेली, ते आमच्या घरी कधी येणार?” मालक मैदानावर दिसत नाहीत, पत्रांना उत्तरं येत नाहीत, निर्णय कोण घेतो हे कळत नाही. चाहत्यांची मुख्य तक्रार ही होती. हरण्याची तक्रार त्यानंतरची.

७ मे २०१२. रोव्हर्सचा सामना विगनशी, घरच्या मैदानावर. हरले तर प्रीमियर लीगमधून बाहेर. सामना चालू असताना कुणीतरी रोव्हर्सच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. तुमच्यापैकी काहींनी तो व्हिडिओ पाहिला असेल. रोव्हर्स ०-१ ने हरले आणि खाली गेले. भाई त्या दिवशी स्टेडियममध्ये होता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या घरी लग्न होतं. मामू, भाई, त्याचा धाकटा भाऊ आणि भाईचा सोळा वर्षांचा मुलगा असे सगळे आले होते. मांडवाच्या आदल्या रात्री आमच्या ओट्यावर जी चर्चा झाली तिची आठवण माझ्या मनातून अजून गेलेली नाही. बायका आत मेंदी काढत होत्या, बाहेर देगी लागल्या होत्या, आणि हे चौघे इंग्लंडमधल्या एका मैदानावरून भांडत होते. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच बसले.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या हंगामात कुणी तिकीट काढायचं नाही. मैदान रिकामं दिसलं की मालकांना लाज वाटेल, नाही वाटली तर तोटा कळेल. भाईने विचारलं, तोटा कुणाला? रिकाम्या मैदानात खेळणार आपलीच पोरं. वर्षभर कीनच्या नावाने आरडाओरडा झाला, प्रत्येक चुकीच्या पासला हुर्यो मिळाली, पोरांचे पाय थरथरायला लागले. आपण मालकांना हरवायला निघालो आणि आपलाच संघ हरवला. आणि समजा, उद्या मालक वैतागून निघून गेले, तर? एवढ्याशा गावात तिकिटांच्या पैशावर क्लब चालत नाही. दर वर्षी जी भगदाडं पडतात ती कोण बुजवणार?

“म्हणजे पैसे देतो म्हणून काहीही करावं?” धाकट्याने विचारलं.

भाईचा मुलगा मध्येच म्हणाला, “चाचा, बाबांना वेगळीच भीती वाटते. ते सांगत नाहीत.”

भाई त्याच्यावर ओरडला. मग थोड्या वेळाने स्वतःच बोलला. कोंबडी मैदानात आली तेव्हा त्याच्या रांगेतले सगळे हसले. तोही हसणार होता. तेवढ्यात मागच्या एका ओळखीच्या माणसाने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, तुझ्या लोकांना सांग, आपली कोंबडी घेऊन जा म्हणावं. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, वीस वर्षं दोघे शेजारी बसत होते. पण भाईचं हसू तोंडातच राहिलं. वीस वर्षं तो ‘आपल्यातला’ होता. एका सौद्याने तो ‘त्यांच्यातला’ झाला. आता तो घोषणा द्यायला उभा राहिला तर गोरे म्हणणार, बघा, त्यांचाच माणूस त्यांच्याविरुद्ध. आणि गप्प बसला तर म्हणणार, बघा, शेवटी आपल्याच लोकांची बाजू घेतली. “मी रोव्हर्सचा आहे हे मला सिद्ध करावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं,” तो म्हणाला.

ओट्यावर कुणी काही बोललं नाही. हे वाक्य समजून घ्यायला आम्हाला ब्लॅकबर्नला जायची गरज नव्हती. कुठे काही घडलं की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, लोकलच्या डब्यात, कुणीतरी आपल्याकडे बघून जरा थांबतो. आपण निषेध केला तरी तो मोजला जातो, नाही केला तरी मोजला जातो. ज्याला सतत आपण कुठले हे सांगावं लागतं, त्याच्यासाठी साधी घोषणाही साधी राहत नाही. मालक ना भाईच्या जातीचे, ना धर्माचे, ना गावचे. तरी रंगाने हिशेब त्याच्या नावावर टाकला होता.

शेवटी मामू बोलले. ते इतका वेळ सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, “आमची गिरणी बंद झाली तेव्हा आम्ही भांडलो नाही. आम्हाला वाटलं, आपण परके, आपण कशाला बोला. गोरे कामगार भांडले. गिरणी वाचली नाही. भांडून वाचली नाही आणि न भांडूनही वाचली नाही. पण ज्यांनी भांडण केलं, ते आजही एकमेकांना भेटले की गिरणीच्या गोष्टी सांगतात. आम्ही त्या गोष्टी सांगत नाही. आम्हाला लाज वाटते.”

चर्चा तिथे संपली. निर्णय झाला नाही. धाकट्याने पुढच्या हंगामाचं तिकीट काढलं नाही, भाईने काढलं. घोषणा मात्र भाईने एकदाही दिली नाही.

आता जरा माझ्याबद्दल. मी भिवंडीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आणि गरज पडली की उर्दूही. शाळा एका संस्थेची आहे. संस्थेचं आणि शाळेचं नाव इथे लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही, कारण अशा शाळा आणि अशा संस्था प्रत्येक तालुक्याला आहेत. आमच्या शाळेला मैदान होतं. होतं म्हणते, कारण २०१६ मध्ये संस्थेने रस्त्याकडची बाजू तोडून तिथे अकरा गाळे बांधले. भाडं येईल, ते मुलांवरच खर्च होईल, असं सांगितलं गेलं. तेव्हा काही माजी विद्यार्थी माझ्याकडे आले होते. म्हणाले, आपा, तुम्ही बोला, तुमचं पालक ऐकतात. मोर्चा काढायचा की अर्ज द्यायचा की काहीच करायचं नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर वाद झाला.

मी त्या वादात भाईचे सगळे मुद्दे वापरले. शब्द बदलले, मुद्दे तेच. शाळेचं नाव खराब होईल. नाव खराब झालं की पालक मुलं दुसरीकडे नेतील. पटसंख्या घटली की तुकडी जाईल, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतील, मग समायोजनाच्या रांगेत उभे राहा. भांडण संस्थाचालकांशी आणि मार बसणार मुलांना आणि आपल्याला. सगळ्यांनी मान डोलावली. मोर्चा निघाला नाही. अर्जही गेला नाही. ट्रस्टची जागा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती घेतली होती का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

माझे मुद्दे खोटे नव्हते. पण त्यांच्या तळाशी माझा पगार होता. भाईने निदान आपली भीती ओट्यावर मांडली. मी ती ‘मुलांचं हित’ या नावाखाली मांडली. आपल्याकडे याला सब्र म्हणायची सोय आहे. सब्र म्हणजे संकटात टिकून राहणं. तोंड बंद ठेवण्याला तो शब्द लावला की शब्दही बिघडतो आणि माणूसही.

तिकडे रोव्हर्सचं काय झालं, तेही सांगते. कीन सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. त्यानंतर त्या एकाच हंगामात प्रशिक्षक इतक्या वेगाने बदलले की एक ५७ दिवस टिकला आणि पुढचा ६७ दिवस. मैदानावर येणारी सरासरी गर्दी पंचवीस हजारांच्या आसपास होती, ती काही वर्षांत निम्म्यावर आली. २०१७ च्या मे महिन्यात रोव्हर्स शेवटचा सामना जिंकूनही गोलफरकाने तिसऱ्या पायरीवर घसरले. प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता. पण दुसरी बाजूही खरी आहे. मालक पळून गेले नाहीत. ते दर वर्षी तोटा भरत राहिले. पुढच्याच वर्षी, टोनी मोब्रेंच्या हाताखाली, संघ दुसऱ्या पायरीवर परत आला. २०२३ पासून तर हिंदुस्थानातल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ मालकांवर आली. ब्लॅकबर्नच्या खेळाडूंच्या पगारासाठी दिल्लीत तारीख! भाईला हे समजावताना माझी ऑफसाइडची परतफेड झाली.

२०१९ साली मात्र असं काही घडलं की दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळाला. ब्लॅकबर्नच्या एका बाजूला ब्लॅकपूल आहे आणि दुसऱ्या बाजूला बरी.

ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी आपल्या मालक कुटुंबाविरुद्ध कित्येक हंगाम बहिष्कार टाकला होता. क्लबला एक पेनीही द्यायची नाही, असं ठरवून हजारो लोक घरच्या सामन्यांपासून लांब राहिले. २०१७ मध्ये न्यायालयाने त्या कुटुंबाने क्लबमधून पैसा गैररीतीने काढल्याचा निकाल दिला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबवर रिसीव्हर नेमला गेला. ९ मार्चला लोक परत आले. सुमारे पंधरा हजार. इतकी वर्षं ज्यांनी आपल्याच मैदानात पाय ठेवला नव्हता, ते म्हातारे लोक आत येताना रडत होते, असं धाकट्याने मला फोनवर सांगितलं आणि त्याचाही आवाज बदलला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरी हा क्लब लीगमधून काढला गेला. १८८५ ची स्थापना, १८९४ पासून लीगमध्ये. आधीच्या मालकाने कर्जात बुडवलेला क्लब नव्या मालकाने एका पौंडाला घेतला होता, आणि तो चालवायला पैसा आहे हे तो दाखवू शकला नाही. शेवटच्या दिवसांत चाहते झाडू घेऊन स्टेडियम साफ करायला गेले होते, या आशेने की कुणीतरी विकत घेईल आणि सामना होईल. सामना झाला नाही.

भाई म्हणाला, बघ, मालक गेला की असं होतं. धाकटा म्हणाला, बघ, मालकाला वेळेवर विचारलं नाही की असं होतं. मला वाटतं, दोघेही बरोबर होते. ब्लॅकपूलमध्ये बहिष्काराला न्यायालयाची साथ मिळाली, नुसत्या रिकाम्या खुर्च्यांनी मालक गेला नसता. आणि बरीमध्ये लोकांना हिशेब कळला तेव्हा वाचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. निषेध केला म्हणजे जिंकलोच असं नाही, आणि गप्प राहिलो म्हणजे वाचलो असंही नाही. मामू हेच म्हणाले होते.

मग २ मे २०२२ ची सकाळ. ईद-उल-फित्र. रोव्हर्सने आपलं मैदान, इवूड पार्क, ईदच्या नमाजसाठी खुलं केलं. इंग्लंडमधल्या कुठल्याही फुटबॉल क्लबने खेळपट्टीवर ईदची नमाज ठेवण्याची ती पहिली वेळ होती. ब्लॅकबर्न आणि डार्वेन मिळून जो विभाग आहे, तिथे २०२१ च्या जनगणनेत ३५ टक्के लोक मुसलमान होते, पण भाई सांगतो, स्टेडियमच्या आजूबाजूला राहणारे कित्येकजण आयुष्यात एकदाही आत गेले नव्हते. त्या दिवशी मामू व्हीलचेअरवर गेले. भाईने व्हिडिओ कॉल लावला. हिरव्या गवतावर सफा, मागे निळ्या खुर्च्या. मामू म्हणाले, “साठ वर्षांनी आत आलो, आणि तिकीटही लागलं नाही.”

त्या कॉलमध्ये भाईने एक गोष्ट सांगितली जी मला पुढे फार उपयोगी पडली. खांद्यावर थाप मारणारा तो मागच्या रांगेतला माणूस ईदच्या दिवशी फाटकाबाहेर उभा होता, लोकांना वाट दाखवायला. भाई त्याला म्हणाला, आता पुढच्या निषेधाला मी येतो. तो म्हणाला, कशाला, तुझं तिकीट आहेच की. भाई म्हणाला, तिकीट आहे म्हणूनच.

हक्काचा प्रश्न इथे येतो. क्लबचा मालक कोण? कागदावर वेंकीज. त्यांनी पैसे मोजले, तोटा भरला, हे कुणी नाकारू नये. पण १८७५ पासून जे क्लबच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या शनिवार घालवत आले, त्यांचं काय? आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, तो फुटबॉलवाल्यांकडे नाही. वक्फच्या मिळकतीला मुतवल्ली असतो. तो सांभाळतो, चालवतो, दुरुस्ती करतो, पण ती त्याची नसते. त्याला हिशेब द्यावा लागतो. आमची संस्था कायद्याने ट्रस्ट आहे, तिचे चालक विश्वस्त आहेत. बोलताना मात्र आम्ही त्यांना सर्रास ‘संस्थेचे मालक’ म्हणतो. आम्हीच त्यांना मालक केलं. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे राहतील असा नियम आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली सहा मोठ्या क्लबांच्या मालकांनी चाहत्यांना न विचारता वेगळी युरोपीय लीग काढायचा घाट घातला आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत माघार घेतली. त्यातून एक चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये तिथे क्लबांच्या मालकांवर लक्ष ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा आला. ज्या गोष्टीसाठी त्यांना कायदा यायची वाट पाहावी लागली, ती आमच्याकडे १९५० च्या कायद्यापासून धर्मादाय आयुक्तांच्या रूपाने आहे. आम्ही फक्त तिथे जात नाही.

यंदा आमच्या संस्थेने ठरवलंय की उरलेल्या मैदानावर इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा बांधायची. पुन्हा तोच वाद सुरू झाला. या वेळी तो जास्त अवघड आहे, कारण बऱ्याच पालकांना इंग्रजी माध्यम हवंच आहे. त्यांचं चूक आहे असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, माझा स्वतःचा मुलगा सेमी-इंग्रजीत शिकला. आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या दोन मुली आहेत. त्यातली एक मला म्हणाली, “आपा, तुमची नोकरी पक्की आहे. नव्या इमारतीत मला काम मिळेल असं सांगितलंय. तुम्ही भांडलात तर माझं काय?”

त्या रात्री मी भाईला फोन केला. त्याने उत्तर दिलं नाही, एक फोटो पाठवला. तुम्ही तो पाहिला असेल. १९३१ चा सप्टेंबर, गांधीजी डार्वेनच्या गिरणीकामगार बायकांच्या घोळक्यात उभे आहेत आणि बायका हात वर करून हसताहेत. डार्वेन म्हणजे ब्लॅकबर्नचं शेजारचं गाव. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्यांवरचं संकट वाढलं होतं, लोक बेकार होते. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेला हा माणूस त्याच लोकांमध्ये जाऊन राहिला. त्याने बहिष्कार मागे घेतला नाही. पण ज्यांच्या चुलीवर त्याचा परिणाम झाला, त्यांच्यासमोर जाऊन त्याने आपलं कारण सांगितलं आणि त्यांचं ऐकून घेतलं. मी हा धडा मुलांना कितीदा शिकवला असेल, पण तो ब्लॅकबर्नवाल्यांच्या भांडणाशी आणि माझ्या शाळेशी जोडावा, हे मला सुचलं नव्हतं.

ओट्यावरच्या त्या रात्री आम्ही सगळे चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो, असं मला आता वाटतं. निषेध करायचा की नाही, हा अर्धाच प्रश्न आहे. त्याची किंमत कोण मोजणार आणि आपण त्याला आधी भेटलो का, हा उरलेला अर्धा. मालक समोर येत नाहीत ही जर आपली तक्रार असेल, तर ज्यांना आपल्या निषेधाची झळ बसेल त्यांच्यासमोर आपण तरी जायला हवं.

गेल्या रविवारी इशानंतर एका माजी विद्यार्थ्याच्या घरी बैठक झाली. बैठकीआधी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिला म्हटलं, तू सही करू नकोस, बैठकीलाही येऊ नकोस, तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही याची जबाबदारी माझी. ती काही बोलली नाही, चहा मात्र केला. बैठकीत इंग्रजी माध्यम हवं असणाऱ्या पालकांनाही बोलावलं होतं. आवाज चढले. दोन तासांनी एवढंच ठरलं की मोर्चा आत्ता नाही. आधी विश्वस्तांना पत्र द्यायचं. नकाशा दाखवा, गाळ्यांच्या भाड्याचा २०१६ पासूनचा हिशेब द्या, आणि शाळेत येऊन पालकांसमोर बसा. पंधरा दिवस वाट पाहायची, मग धर्मादाय आयुक्तांकडे जायचं. पत्र मराठीत आणि उर्दूत मी लिहिलं. सह्यांची वेळ आली तेव्हा कागद फिरत फिरत माझ्यापाशी आला. वरची जागा सगळ्यांनी सोडली होती. २०१६ मध्ये मी ज्या जागेपासून लांब पळाले, ती हीच. मी तिथे सही केली.

सोमवारी पत्र दिलं, पोच घेतली. संध्याकाळी भाईला कळवलं. तो म्हणाला, “आता उत्तराची वाट बघायची सवय कर, बाय. मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे.”

उत्तर अजून आलेलं नाही. मैदानाच्या उरलेल्या तुकड्यावर मधल्या सुट्टीत मुलं दोन दप्तरांचा गोल करून खेळत असतात. काल चेंडू माझ्या पायाशी आला. मी तो परत मारला, तर पोरं ओरडली, “आपा, ऑफसाइड!”